मुंबई-गोवा महामार्ग : पुढचं गाव यायच्या आत चार ओळी

तिरफळ

यंदा चतुर्थीला डोंबिवलीहून कुडाळजवळच्या गावी गाडीनेच गेलो. रेल्वेच्या तिकिटांचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. गाडीत सात जण: आम्ही दोघं, चौदाचा मुलगा, नऊची लेक, सासूबाई, सासरे आणि नवऱ्याची आत्या. पहाटे तीनला निघालो, खळ्यात गाडी लागली तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजले होते. साडेसतरा तास. पण हे गाऱ्हाणं नाही. या साडेसतरा तासांत आम्ही सगळ्यांनी मिळून तीसेक कविता केल्या, आणि त्या हरवू नयेत असं मला फार वाटतं, म्हणून हा धागा.

खेळ लेकीने काढला. गावाची पाटी दिसली की ज्याची पाळी त्याने चार ओळी जुळवायच्या, पुढच्या गावाची पाटी यायच्या आत. गावाचं नाव त्यात आलंच पाहिजे. लिहून काढायचं नाही, तोंडानेच म्हणायचं. गाडी चालवणाऱ्याला पाळी नाही, तो फक्त परीक्षक. 'खड्डा' आणि 'अड्डा' हे यमक नागोठण्यानंतर बाद केलं, कारण तोवर ते पाच जणांनी वापरून झालं होतं.

पहिली माझी:

गर्दी टाळू म्हणून आम्ही
तीन वाजता केली खेळी;
पनवेलला बघतो तर काय,
अख्खी मुंबई त्याच वेळी!

दुसरी मुलाची. चौदा वर्षांचा मुलगा गाडीत एरवी तोंड उघडत नाही, त्यामुळे ही ऐकून मी मागे वळून पाहिलं:

पोटामध्ये उठते कळमळ,
बाबा म्हणती, जरा काढ कळ;
तासाभराने वर पाहिले,
खिडकीबाहेर तेच वडखळ!

एकाच कडव्यात 'कळमळ' आणि 'कळ', आणि दोन्हीचा अर्थ वेगळा. हे त्याने जाणून केलं की आपसूक झालं, त्याला अजून सांगता येत नाही.

सासूबाई आणि लेक यांची जोडकविता खेडपर्यंत चालली:

पेणला नात विचारी, "आलं?"
आजी म्हणते, "आलंच, बाळ!"
खेडला आजी विचारी, "आलं?"
नात म्हणते, "झोप, बाळ!"

आणि आत्येची पाळी आली ती हातखंब्याला. तिने ही स्वतःवरच केली, आणि आम्ही इतके हसलो की नवऱ्याने गाडी बाजूला घेतली:

आत्या ओरडे, "आंबा! आंबा!
गाडी लावा, इथेच थांबा!"
भाद्रपदी हो कुठला आंबा?
चष्मा घाला! हातखंबा!

एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आणि त्यावर तुमचं मत हवं आहे. रस्ता जसा, तशी कविता होत गेली. वडखळ, कोलाड, माणगाव या पट्ट्यात गाडी हलतच नव्हती, तेव्हा एकेका चारोळीवर तासभर काम झालं. शब्द बदलले, ओळी खालीवर केल्या, शेवटची ओळ तीन वेळा फिरवली. पोलादपूर सोडलं आणि कशेडीच्या बोगद्यात शिरलो, तर दोन किलोमीटरचा बोगदा संपेपर्यंत दुसरी ओळही झाली नाही. जुन्या घाटात चाळीस मिनिटं सहज मिळायची! आणि खारेपाटणच्या पुढे चौपदरी मोकळा रस्ता लागला तशा चारोळ्या बंद पडून दोनोळ्या सुरू झाल्या:

तळेरे गेलं, नांदगाव गेलं,
यमक जुळेतो गावच गेलं!

महाडला सावित्रीच्या पुलावर कोणी काही जुळवलं नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात जुना ब्रिटिशकालीन पूल गेला, त्याबरोबर दोन एसट्या गेल्या. नवा पूल पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर उभा राहिला. आम्ही त्या रस्त्याने जाणारी माणसं आहोत. सासऱ्यांनी हात जोडले, मुलांनीही जोडले. पूल ओलांडून गाडी बरीच पुढे गेल्यावर लेकीने हळूच विचारलं, "आता पाळी कुणाची?"

तुमच्याही कविता येऊ द्या. रस्ता कुठलाही चालेल. आणि कृपा करून नागोठण्याला यमक द्या, आम्ही तिथे हरलो.

---

सोलकढी

वाचता वाचता माझी अख्खी वाट डोळ्यांसमोरून गेली. ही घ्या आमची मालवणीतली. दर वर्षी हेच होतं, म्हणून दर वर्षी म्हणतो:

आवशीन पुसल्यान, "खंय रे पावलंस?"
"इलंय गे आये, कणकवली इली!"
सात कपां चाय आवशीन केली,
कणकवली माझी संगमेश्वरात रवली.

---

एसटीप्रेमी

धागा आवडला. आमच्या वेळी परळ डेपोतून गाडी सुटली की भेंड्या सुरू व्हायच्या, त्या थेट पोलादपूरच्या चहापर्यंत. पण भेंड्यांमध्ये दुसऱ्याचं गाणं म्हणायचं असतं, इथे आपलं आपण करायचं आहे. हे जास्त चांगलं.

मला पाच ओळींची लिमरिक आवडते. पहिली, दुसरी आणि पाचवी ओळ एका यमकाची, मधल्या दोन आखूड आणि वेगळ्या यमकाच्या. रस्त्यासाठी ही घडण उत्तम आहे, कारण मधल्या दोन आखूड ओळींत गाडी वेग घेते आणि पाचवीत ब्रेक लागतो:

परळचे एक होते दादा,
ड्रायव्हरला दिला त्यांनी वादा:
'मी नाही झोपणार,
गप्पाच मारणार!'
पळस्प्याला ड्रायव्हर: "दादा? ओ दादा?"

पळस्पे म्हणजे पनवेलचंच टोक, हे बाहेरच्यांसाठी सांगितलं.

---

पाचवा गिअर

नागोठण्याचं यमक 'उठणे'! ठणे-ठणे. घ्या:

गाडीत बसणे, गाडीत उठणे,
गाडीत जेवण, गाडीत दुखणे;
दुपार झाली, आजी म्हणाल्या,
"गावच करू हे नागोठणे!"

---

तिरफळ

पाचवा गिअर, दंडवत! सासूबाईंना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "मी नाय हां असं बोलले, पण मनात होतं."

---

मीटरमापक

तिरफळताई, मुलाची वडखळवरची चारोळी मी मोजली. चारही ओळी सोळा-सोळा मात्रांच्या आहेत. नुसत्या कानाने चौदाव्या वर्षी हे जमत असेल तर त्याला लिहितं ठेवा, हे मी मनापासून सांगतो.

हलक्याफुलक्या कवितेत मात्रा कशाला मोजायच्या, असं बरेच जण म्हणतात. माझा अनुभव उलटा आहे. गंभीर कवितेत लय थोडी अडखळली तर वाचक थांबून विचार करतो. विनोदी चार ओळींत अडखळली तर हसूच मेलं. हसू शेवटच्या शब्दावर फुटायचं असतं, आणि तो शब्द कधी येणार हे कानाला आधीच कळलेलं असावं लागतं. 'हातखंबा' पाहा. पहिली ओळ सतराची, मधल्या दोन सोळाच्या, शेवटची पंधराची. 'चष्मा घाला' नंतर जी एका मात्रेची जागा रिकामी राहते तिथेच आपण श्वास घेतो आणि मग 'हातखंबा' आदळतो. आत्याबाईंना माझा नमस्कार कळवा.

एक प्रश्न. चिपळूणवर कोणी केली नाही का? मराठीत त्याला चोख यमकं फार थोडी: खूण, लूण...

---

तिरफळ

केली होती की. मुलानेच:

कंटाळलो मी बसून बसून,
आजीचा डबा गेला संपून;
वाशिष्ठी आली, जागे व्हा सारे,
भूक लागली, थांबू चिपळूण!

त्याला नवऱ्याने, म्हणजे परीक्षकाने, बाद ठरवलं. 'बसून' मधला न आणि 'चिपळूण' मधला ण. वाशिष्ठीच्या पुलापासून सावर्ड्यापर्यंत बापलेकांचा वाद चालला.

---

मीटरमापक

परीक्षक बरोबर आहेत. न आणि ण वेगळे. 'मन' आणि 'मण' एक नाहीत.

---

वऱ्हाडी ठेचा

थांबा थांबा. आमच्या अकोल्याकडे या. आमी पानी पेतो, लोनी खातो, आन् कोनी भेटलं का बोलतो. आमच्या तोंडात चिपळून हे चिपळूनच हाये. पोराची कविता अकोल्यात पास!

आता जरा नीट लिहितो. यमक हे कानाचं काम आहे, छापील अक्षराचं नाही. ज्या गाडीत जी बोली चालते तिथलं यमक तिथे खरं. डोंबिवलीच्या गाडीत ण-न वेगळे ऐकू येत असतील तर परीक्षकांचा निकाल मान्य, पण मुलाला माझ्याकडून अर्धा गुण द्या.

माझा रस्ता समृद्धी. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर-शिर्डी हा ५२० किलोमीटरचा भाग सुरू झाला तेव्हापासून मी त्यावरून जातो, आणि जून २०२५ मध्ये शेवटचा इगतपुरी ते आमणे हा भाग खुला झाला तेव्हाही लगेच जाऊन आलो. तुमचं 'रस्ता जसा, तशी कविता' मला पटलं, पण आमच्याकडे अडचण वेगळीच आहे. गावंच लागत नाहीत! गाव दूर कुठेतरी राहतं, आपल्याला दिसतो तो फक्त त्याच्या नावाचा फाटा. मग यमक कशाशी जुळवायचं? आम्ही जे काही दिसेल त्याच्यावर करतो:

सिन्नर गेले, जालना गेले,
रस्त्याला ना वळण ना वाक;
मेहकरपाशी वळण दिसले,
बायको म्हणाली, "फोटो टाक!"

हसण्यावारी नेऊ नका, ही गोष्ट कामाची आहे. इतक्या सरळ रस्त्यावर तासन् तास एकाच वेगाने गेलं की डोळे उघडे असूनही मेंदू पेंगतो. शेजारी बसलेल्याने दर वीस मिनिटांनी चार ओळी ऐकवल्या तर चालवणारा जागा राहतो. आमच्या गाडीत नियम आहे: चालवणाऱ्याला हसू आलं नाही तर पुढच्या थांब्यावर गाडी दुसऱ्याच्या हातात द्यायची. झोप आल्याची ती पहिली खूण असते. हा नियम बायकोने केला आणि आजवर दोनदा तो पाळून आम्ही गाडी बदलली आहे.

---

पाचवा गिअर

ठेचाभाऊ, हा नियम सोन्याचा आहे. मी आजपासून लावणार.

ट्रकच्या पाठीवरचं वाङ्मय विसरू नका. 'बघतोस काय रागानं, ओव्हरटेक केलंय वाघानं' ही मराठीतली मला सर्वात आवडणारी दोनोळी. कोणी केली कुणालाच ठाऊक नाही, आणि मागच्या गाडीतल्या माणसाला ती नेमकी त्याच क्षणी वाचायला मिळते ज्या क्षणी तो रागावलेला असतो. कवितेला यापेक्षा योग्य वेळ कुठे मिळणार? लडाखला गेलो तेव्हा सीमा सडक संघटनेच्या पिवळ्या पाट्याही अशाच वाचत गेलो. त्या इंग्रजीत आहेत, पण यमकं आणि कोट्या भरपूर. हजारो फूट उंचीवर, बाजूला दरी, श्वास अपुरा, आणि पाटीवर विनोद. हसलो की पाय आपोआप ब्रेकवर जातो.

---

बे एरियाकर

मी कॅलिफोर्नियात राहतो. इथून लॉस एंजेलिसला जाणारा आय-५ हा आमचा वडखळ. तासन् तास सपाट, आणि मध्ये कोलिंगाजवळ हजारो गुरांचा मोठा गोठा लागतो. तो दिसायच्या कितीतरी आधी नाकाला कळतो. आमच्या मुलीने केलेली:

कोलिंगाच्या दोन मैल अलीकडे
काचा लावून बसलो गप्प;
बाबा म्हणाले, "गावची आठवण!"
आई म्हणाली, "बाबा, गप्प!"

पण मला मुख्यतः वेगळंच सांगायचं आहे. रस्त्यावरच्या विनोदी कवितेचा इथे खरा इतिहास आहे. बर्मा-शेव्ह नावाचं दाढीचं क्रीम होतं, मिनेसोटातल्या कंपनीचं. १९२५ साली त्यांनी हायवेच्या कडेला छोट्या लाकडी पाट्या लावायला सुरुवात केली. बहुधा सहा पाट्या, ओळीने, थोड्या थोड्या अंतरावर. एका पाटीवर दोन-तीन शब्द. गाडी पुढे जाईल तशी कविता पुढे सरकणार, आणि शेवटच्या पाटीवर क्रीमचं नाव. १९६३ पर्यंत हे चाललं. मग गाड्यांचा वेग वाढला, मोठे महामार्ग आले, त्या वेगात छोट्या पाट्या वाचता येईनात. तिरफळताईंनी खारेपाटणच्या पुढे जे अनुभवलं तेच! मोकळ्या रस्त्याने इथे एक अख्खा काव्यप्रकार संपवला.

मला वाटतं अशा पाट्या आपल्या कोकणच्या वाटेवर हव्यात. मालाचं नाव कशाला, नुसती कविता पुरे. मी एक करून पाहिली. एका पाटीवर एक ओळ, दोन पाट्यांमध्ये शंभर पावलं:

घाई कशाला
वळणावरती?
तुमच्यासाठी
थांबली आरती.

---

सोलकढी

ह्या वाचून डोळे भरले. खरंच थांबतात हो. आमच्या घरी दुपारची आरती संध्याकाळी सहाला झाली आहे, कारण थोरला भाऊ राजापूरला होता.

---

सांजवात

बे एरियाकरांच्या पाट्या कोणीतरी मनावर घ्यायला हव्यात. पनवेल-इंदापूर हा ८४ किलोमीटरचा टप्पा २०११ साली रुंदीकरणाला घेतला गेला. त्या वर्षी जन्मलेली मुलं आता गाडीत बसून चारोळ्या करतात. या रस्त्यावर ज्यांनी जिवाची माणसं गमावली त्यांच्या घरी चतुर्थी कशी होते ते मी जवळून पाहिलं आहे. म्हणून 'थांबली आरती' मला फक्त गोड वाटत नाही, ती मला पाटीवर, खरोखर, लोखंडी खांबावर हवी आहे.

माझीही एक देते. काका आमच्या घरचे नकाशातज्ज्ञ:

काका म्हणती, शॉर्टकट ठोस;
काकी घेते गोळीचा डोस;
तीन गावं वळसा घालून
पुन्हा पहिलेच आले ओरोस!

---

मीटरमापक

सांजवात, 'गोळीचा डोस' या ओळीत एक मात्रा जास्त आहे. पण काकींच्या पोटाची अवस्था पाहता ती असू द्यावी.

ठेचाभाऊंच्या मुद्द्यावर दोन दिवस विचार केला. यमक कानाचं, हे मान्य. अर्धा गुण देतो.

---

एसटीप्रेमी

तिरफळताई, सासऱ्यांची एकही कविता दिली नाहीत. सात जणांत त्यांची पाळी आली नाही का?

---

तिरफळ

एसटीप्रेमी, तुम्ही बरोबर पकडलंत. बाबांची पाळी सात-आठ वेळा आली. दर वेळी ते म्हणायचे, "माका सोडा." बाबा गाडीत बोलत नाहीत. पूर्वीपासून नाहीत. खिडकीला डोकं टेकवून बसतात आणि फक्त पाट्या वाचतात. लेकीने शेवटी त्यांची पाळी वगळायला सुरुवात केली.

आम्ही पाच जण गौरी-गणपती विसर्जनानंतर परत निघालो. बाबा आणि सासूबाई तुळशीच्या लग्नापर्यंत गावीच राहतात. निघताना सगळं नेहमीचं: नारळ, कुळथाचं पीठ, पडवळ, डिकी बंद होईना. बाबा ओट्यावर बसले होते. गाडी सुरू झाली तशी त्यांनी हात वर करून थांबवलं, खिडकीशी आले आणि लेकीला म्हणाले, "माझी पाळी ऱ्हवली." आणि उभ्याउभ्या, जराही न अडखळता:

कुडाळ, ओरोस, कणकवली,
पाटी वाचत मुलं निघाली;
ओट्यावर मी मोजत बसलो,
आता कुठवर गाडी गेली.

कोणी काही बोललं नाही. परीक्षकांनी इंजिन बंद केलं, खाली उतरून बाबांच्या पाया पडले, परत बसले. लेकीने कणकवलीपर्यंत स्वतःची पाळी घेतली नाही.

मग तिनेच ठरवलं की प्रत्येक पाटीला आजोबांना फोन करायचा. तळेरे, राजापूर, लांजा, हातखंबा. बाबा नाव ऐकून "बरा" म्हणायचे आणि ठेवायचे. चिपळूणला मुलाने फोन घेतला आणि न-ण चा सगळा वाद त्यांना समजावून सांगितला. बाबा म्हणाले, "अकोल्यात पास ना? मग झाला." (गावी असताना हा धागा मी त्यांना रोज रात्री वाचून दाखवत होते.) महाडला फोन केला नाही. तिथे त्यांना न सांगता कळतं.

रात्री नवाच्या सुमाराला त्यांचाच फोन आला. "वडखळ?"

"हो बाबा, वडखळ."

दहाला परत आला. "पेण गेला?"

"नाही बाबा."

पावणेअकराला पुन्हा वाजला. नवऱ्याने तो स्पीकरवर टाकला. "आता खंय?" आणि बाबांचं वाक्य पुरं व्हायच्या आत गाडीतले पाचही जण एका सुरात ओरडलो, "खिडकीबाहेर तेच वडखळ!"

पलीकडून बाबांचं हसू ऐकू आलं. मागून सासूबाई विचारत होत्या, "काय झाला? काय म्हणतत?" आणि बाबा त्यांना ती चारोळी पहिल्या ओळीपासून म्हणून दाखवत होते.